स्पीडस्टरच्या रेप्लिकेतून क्लचचे पेडल काढताना

पोर्शे ३५६ स्पीडस्टर १९५४ साली आली ती प्रामुख्याने अमेरिकेतले आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहामुळे. साधी, हलकी, तुलनेने स्वस्त आणि उघड्या टपाची गाडी अमेरिकेत खपेल, असे त्यांचे म्हणणे होते. आज मूळ स्पीडस्टर संग्राहकांच्या किमतीला गेली आहे, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्पीडस्टर या फायबरग्लासच्या बॉडीच्या रेप्लिका, म्हणजे नकला, असतात. त्या बॉडीखाली फोक्सवॅगन बीटलचा फ्लोअरपॅन, म्हणजे सांगाड्याचे काम करणारा तळ, असतो. बीटलचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर आणि ३५६ चा २१०० मिलिमीटर असल्यामुळे हा पॅन मधून कापून सुमारे फूटभर आखूड केलेला असतो, आणि मागे बीटलचेच चार सिलिंडरचे एअर-कूल्ड इंजिन व चार गिअरचा गिअरबॉक्स असतो. या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवण्याचा विचार करताना ती बीटल आहे असे धरूनच चालावे. पोर्शेचे नाव बॉडीपुरते आहे. सुटे भाग, मापे आणि अडचणी या सगळ्या बीटलच्या आहेत.

अमेरिकेत किंवा कॅनडात अशी गाडी बाळगणाऱ्यांना हे काम करावेसे वाटते ते बहुधा डाव्या गुडघ्यामुळे किंवा कमरेमुळे, आणि कधी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला क्लचची सवय नसल्यामुळे. कारण गुडघा असेल, तर एकही बोल्ट ढिला करण्यापूर्वी क्लच मुळात इतका जड का आहे, हे पाहावे. बीटलचा क्लच केबलवर चालतो, आणि ही केबल गिअरबॉक्सच्या बाजूला एका लवचिक बाउडन नळीतून जाते. या नळीला साधारण २५ ते ४५ मिलिमीटरचा झोल हवा. झोल कमी असेल तर क्लच धक्का देत पकडतो, जास्त असेल तर केबल नळीत घासून पेडल जड होते. पेडलचा मोकळा प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची रिकामी हालचाल, १० ते २० मिलिमीटर असावा. याशिवाय, मोठे इंजिन बसवताना काही मेकॅनिक सवयीने शर्यतीच्या गाडीची कडक प्रेशर प्लेट टाकतात, जिची १०० अश्वशक्तीच्या आतल्या इंजिनाला काहीच गरज नसते. नवी केबल, योग्य झोल आणि मूळ दाबाची प्रेशर प्लेट एवढ्यावर पेडल हलके झाले, तर पुढचा सगळा खर्च वाचतो.

तरीही पेडल काढायचेच ठरले, तर एअर-कूल्ड इंजिन कायम ठेवून खरे मार्ग दोनच उरतात. पहिला मार्ग फोक्सवॅगनच्याच ऑटोमॅटिक स्टिकशिफ्टचा, ज्याला सगळे ऑटोस्टिक म्हणतात. १९६८ च्या मॉडेलपासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती बीटल आणि कारमन गियामध्ये मिळत होती. दुसरा मार्ग पूर्ण ऑटोमॅटिक असलेल्या ००३ गिअरबॉक्सचा, जो फोक्सवॅगनच्या टाइप ३ मध्ये आणि ४११ व ४१२ मध्ये येत असे. पोर्शे ९११ मध्ये १९६७ पासून १९८० पर्यंत मिळणारा स्पोर्टोमॅटिक नावामुळे मोहात पाडतो, पण तो सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी बनलेला आहे, आणि त्यातही गिअर हातानेच टाकावे लागतात. या कामी त्याचा उपयोग नाही. सुबारूचे इंजिन त्याच्या ऑटोमॅटिकसह बसवणे किंवा गाडी विजेवर नेणे हेही लोक करतात. विजेवर नेली तर मूळ गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये ठेवून क्लच विसरता येतो. पण त्यानंतर ती एअर-कूल्ड गाडी राहत नाही, म्हणून ते येथे बाजूला ठेवले आहे.

माझे मत ऑटोस्टिकच्या बाजूने आहे. ती पूर्ण ऑटोमॅटिक नाही, हे खरे. तिच्यात इंजिनानंतर टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या प्रवाहातून इंजिनाची शक्ती पुढे देणारा भाग), त्यानंतर एक साधा कोरडा क्लच आणि मग तीन गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स असतो. गिअरच्या दांड्याला हात लागून तो जरा हलला, की त्याच्या बुडाशी असलेला विजेचा संपर्क जुळतो, कंट्रोल व्हॉल्व्हचे सोलेनॉइड उघडते, इंजिनाच्या व्हॅक्यूममुळे सर्व्हो क्लचचा लिव्हर ओढतो आणि क्लच सुटतो. दांडा सोडला की क्लच पुन्हा पकडतो. सिग्नलला गाडी गिअरमध्येच उभी राहते, कारण कन्व्हर्टर घसरतो. शहरात बहुतेक वेळ एकाच गिअरवर काम भागते. डाव्या पायाला सुटी मिळते आणि गिअर टाकण्याची मजाही उरते, जी स्पीडस्टरसारख्या गाडीत पूर्णपणे गमावणे मला पटत नाही. शिवाय ऑटोस्टिक बीटलसाठीच बनलेली असल्यामुळे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची दांडी मधल्या बोगद्यातून जुन्याच मार्गाने जाते. पॅन आखूड केलेला असल्याने ती मात्र तेवढीच कापून, सरळ रेषेत वेल्ड करून घ्यावी लागते, आणि दोन्ही तुकड्यांची टोके एकमेकांच्या तुलनेत जराही फिरणार नाहीत याची खबरदारी घ्यावी लागते.

आधी गाडीखाली जाऊन पाहणे

या कामाचा निर्णय गिअरबॉक्स पाहून नव्हे, तर मागचे सस्पेन्शन पाहून करावा. गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी आणि मागच्या चाकाकडे जाणारा एक्सल पाहावा. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत एक बंद नळी असून तिच्या फक्त गिअरबॉक्सकडच्या टोकाला रबरी बूट असेल, तर ती स्विंग एक्सलची गाडी होय. उघडा शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना बूट असलेले सीव्ही जॉइंट आणि चाकाकडून तिरका आत जाणारा आर्म दिसला, तर ती स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी होय, जिला आयआरएस म्हणतात. ऑटोस्टिक फक्त आयआरएसवर बनली. स्विंग एक्सलची ऑटोस्टिक कारखान्यातून कधी निघालीच नाही. ००३ साठीही सीव्ही जॉइंटच लागतात.

अनेक रेप्लिका १९६८ पूर्वीच्या बीटलच्या पॅनवर उभ्या आहेत. अशा गाडीला आधी टॉर्शन ट्यूबवर (मागच्या सस्पेन्शनच्या आडव्या नळीवर) तिरक्या आर्मचे ब्रॅकेट वेल्ड करून घ्यावे लागतात, मग आर्म, स्प्रिंग प्लेट, शाफ्ट, हब आणि ब्रेक असे सगळे बदलावे लागते. हे ब्रॅकेट तयार मिळतात, पण दोन्ही बाजूंना अगदी सारख्या जागी आणि सारख्या कोनात बसवण्यासाठी जिग, म्हणजे भाग नेमक्या जागी धरणारा साचा, हवाच. डोळ्याने जुळवून लावलेले ब्रॅकेट मागच्या चाकांची टो (चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) कायमची बिघडवतात, आणि छोट्या व्हीलबेसच्या, मागे वजन असलेल्या गाडीत ती चूक वळणावर लगेच जाणवते. गाडी स्विंग एक्सलची निघाली, तर खर्चाचा अंदाज सरळ दुप्पट धरावा, किंवा ती विकून आयआरएसवरची दुसरी रेप्लिका शोधावी. पुष्कळदा हा दुसरा मार्गच शहाणपणाचा ठरतो.

कागदपत्रांचेही याच टप्प्यावर पाहून घ्यावे. अमेरिकेत अनेक रेप्लिका मूळ बीटलच्या वर्षाने नोंदलेल्या असतात, तर काही खास बांधणीच्या वाहन म्हणून; नोंदणीवर नेमके काय लिहिले आहे ते वाचून मगच कामाला हात घालावा. भारतात अशी गाडी असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते, आणि नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओत जाऊन विचारणे आवश्यक आहे.

डोनर गाडी

ऑटोस्टिकचे भाग सुटे सुटे जमवू नयेत. अपघातात किंवा गंजामुळे बाद झालेली, पण इंजिन चालू होणारी एक पूर्ण ऑटोस्टिक बीटल डोनर म्हणून, म्हणजे भाग काढून घेण्यासाठी, विकत घ्यावी. गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर यांच्याखेरीज ड्राइव्ह प्लेट, दोन भागांचा ऑइल पंप, एटीएफची (कन्व्हर्टरमध्ये फिरणाऱ्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या तेलाची) टाकी आणि तिच्या नळ्या, व्हॅक्यूमची टाकी, कंट्रोल व्हॉल्व्ह, सर्व्हो, दांडा आणि त्याच्या बुडाचा संपर्क, स्टार्टर, मागच्या माउंटचा आधार, शाफ्ट आणि ब्रेकचे एकच पेडल असलेला पेडलसंच हे सगळे तिच्यातून मिळते. यातली एखादी नळी किंवा एखादा ब्रॅकेट मिळाला नाही म्हणून गाडी महिनोन्महिने स्टँडवर उभी राहिल्याची उदाहरणे या छंदात नेहमी ऐकू येतात. स्टार्टर जपून ठेवावा: ऑटोस्टिकच्या स्टार्टरच्या शाफ्टला स्वतःचाच आधार असतो, मॅन्युअल गाडीप्रमाणे त्याला गिअरबॉक्सच्या घरातली बुशिंग लागत नाही.

डोनर चालू स्थितीत असताना कन्व्हर्टर आणि क्लच तपासून घ्यावेत. दांड्याला हात लावताच इंजिनाचा आवाज मोकळा झाला पाहिजे आणि हात काढताच पुन्हा भार आला पाहिजे. गिअरबॉक्स बाहेर निघाला, की कन्व्हर्टरचे ऑइल सील, क्लचची प्लेट आणि सगळ्या रबरी रिंगा न पाहताच बदलून टाकाव्यात. हे सील गळले तर एटीएफ थेट कोरड्या क्लचवर उडते, आणि ते बदलायला इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही पुन्हा खाली उतरवावे लागतात.

इंजिनाकडची बाजू

बीटलचे इंजिन चार जागी धरलेले असते आणि ते मागे सरकवून खाली उतरवण्याची पद्धत सर्वपरिचित आहे, त्यामुळे तिच्यात वेळ घालवत नाही. रेप्लिकेत मागची बॉडी खाली वळलेली असते, म्हणून गाडी बीटलपेक्षा थोडी जास्त उंच उचलावी लागते, एवढेच.

फ्लायव्हील काढताना मधला मोठा नट ३६ मिलिमीटरच्या सॉकेटने सोडवावा लागतो. तो सुमारे ३४० न्यूटन-मीटरला घट्ट केलेला असतो, म्हणून फ्लायव्हील अडवायला योग्य लॉक आणि लांब दांडी हवी. फ्लायव्हीलच्या जागी ड्राइव्ह प्लेट येते, आणि इथेच सर्वांत महत्त्वाचे मोजमाप आहे. या इंजिनात क्रँकशाफ्टचा मागेपुढे होणारा प्ले फ्लायव्हीलच्या मागे असलेल्या तीन पातळ शिमांनी (धातूच्या चकत्यांनी) ठरतो. तो ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावा लागतो. जुन्या फ्लायव्हीलसाठी निवडलेल्या शिमा ड्राइव्ह प्लेटला जुळतीलच असे नाही, म्हणून आधी दोन शिमा घालून, सील न लावता प्लेट घट्ट करावी, डायल गेजने प्ले मोजावा, त्यातून हवा तो प्ले वजा करून तिसऱ्या शिमची जाडी काढावी, आणि मग सील लावून पुन्हा बांधणी करून पुन्हा मोजावे. शिमा नेहमी तीनच असाव्यात. हे मोजमाप टाळले तर क्रँकचा पहिला बेअरिंग खराब होतो. क्रँकला मूळच्या चारऐवजी आठ डॉवेल पिना बसवलेल्या असतील, तर ड्राइव्ह प्लेटलाही मशीन शॉपमधून तशीच छिद्रे पाडून घ्यावीत.

त्यानंतरचा ऑइल पंप हा ऑटोस्टिकचा खास भाग आहे. त्याचा एक विभाग इंजिनाचे ऑइल फिरवतो, तर दुसरा कन्व्हर्टरसाठी एटीएफ. पंप कॅमशाफ्टच्या गिअरला जुळणारा हवा. सपाट आणि खोलगट अशा दोन प्रकारच्या कॅम गिअरना वेगवेगळे पंप लागतात, आणि चुकीचा बसवला तर तो कॅमवर घासतो. बहुतेक रेप्लिकांत पंपाच्या झाकणातूनच बाहेरच्या फिल्टरला ऑइल नेलेले असते. ऑटोस्टिकचा पंप आला की ती जोडणी जाते, म्हणून फिल्टरची लाइन इंजिनाच्या केसमधून वेगळी काढावी लागेल. दोन विभागांमधले सील गळू लागले तर एटीएफ इंजिनात जाते: टाकीतली पातळी उतरत जाते आणि इंजिनाची डिपस्टिक मात्र वाढलेली दिसते. ही जोडखूण लक्षात ठेवावी.

कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये बसवताना तो हाताने हळूहळू फिरवत आत ढकलावा, म्हणजे आतल्या खाचा एकेक करून बसतात. नंतर इंजिन जोडताना दोन्ही घरांचे पृष्ठभाग हाताच्या जोराने टेकले पाहिजेत. ते टेकत नसतील आणि बोल्ट आवळून ओढण्याचा मोह होत असेल, तर तिथेच थांबावे. कन्व्हर्टर अर्धवट बसलेला आहे आणि बोल्ट आवळल्यास काहीतरी तुटणार आहे.

एटीएफच्या टाकीला मूळ बीटलमध्ये उजव्या मागच्या मडगार्डाखाली जागा असते. रेप्लिकेत तीच जागा वापरता येते, पण चाकाचा चिखल व खडे लागणार नाहीत असे आवरण द्यावे. डोंगराळ भागात किंवा कडक उन्हाळ्यात गाडी चालवायची असेल, तर परतीच्या लाइनमध्ये छोटा कूलर आणि तापमानाचा सेन्सर बसवावा. कूलर इंजिनाच्या पंख्याला हवा मिळते त्या जाळीसमोर मात्र लावू नये, कारण त्याची गरम हवा थेट सिलिंडरवर जाईल.

व्हॅक्यूमचा प्रश्न

बहुतेक रूपांतरे इथे अडतात. मूळ बीटलला एकच कार्बोरेटर आणि एकच मॅनिफोल्ड होता, त्यामुळे व्हॅक्यूम एकसारखा मिळत असे. रेप्लिकेत बहुधा दोन वेबर किंवा डेलोर्टो कार्बोरेटर असतात आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते. एका नळीतून घेतलेला व्हॅक्यूम धडधडत येतो आणि कमी असतो. म्हणून चारही नळ्यांना छोटे निपल बसवून त्या एका लहान डब्यात एकत्र आणाव्यात, तिथून एकमार्गी व्हॉल्व्हमधून व्हॅक्यूमच्या टाकीकडे न्याव्यात. तेवढ्याने भागले नाही, तर ब्रेक बूस्टरसाठी मिळणारा विजेवरचा व्हॅक्यूम पंप टाकीला जोडावा. ऑटोस्टिकच्या सर्व्होला व्हॅक्यूम कुठून आला याच्याशी देणेघेणे नसते, त्यामुळे हा उपाय निर्धोक आहे.

००३ बाबत मात्र हा उपाय चालत नाही. त्याचा व्हॅक्यूम मॉड्युलेटर इंजिनावर किती भार आहे हे मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवरून ओळखतो आणि त्यानुसार गिअर बदलण्याची वेळ व दाब ठरवतो. पंपाचा स्थिर व्हॅक्यूम त्याला दिला, तर इंजिनावर नेहमीच हलका भार आहे असे तो समजेल, क्लचबँड अपुऱ्या दाबाने घसरतील आणि गिअरबॉक्स जळेल. तीव्र कॅमशाफ्टमुळे व्हॅक्यूम कमी झाला तर उलट होते: गिअर उशिरा आणि झटक्याने बदलतात. म्हणून ००३ बसवायचा असेल, तर दोन मोठे कार्बोरेटर काढून एक कार्बोरेटर किंवा समाईक प्लेनम असलेले फ्युएल इंजेक्शन घ्यावे. याशिवाय हा गिअरबॉक्स लांब आहे, बीटलच्या चॅसिसच्या दोन शिंगांमध्ये (इंजिन व गिअरबॉक्स धरणाऱ्या मागच्या भुजांमध्ये) तो बसवण्यासाठी ती कापून नव्याने बांधावी लागतात, आणि त्यात एटीएफ व फायनल ड्राइव्हचे हायपॉइड ऑइल अशी दोन वेगळी तेले असतात, जी कोणी गल्लत करून एकमेकांत भरू नयेत. हे काम जमणारे वर्कशॉप हाताशी असेल आणि गिअर अजिबातच हाताने टाकायचा नसेल, तरच त्या वाटेला जावे.

दोन्ही प्रकारांत इंजिनाची प्रकृती मवाळ हवी. कन्व्हर्टर कमी आरपीएमवर काम करतो. तिथे टॉर्क नसलेले, वरच्या आरपीएमसाठी बांधलेले इंजिन त्याच्यासोबत मंद वाटते. इंजिन नव्याने बांधत असाल, तर मोठा कॅम टाळून सौम्य कॅम आणि थोडी जास्त क्षमता घ्यावी.

वायरिंग, पेडल आणि पहिली फेरी

स्टार्टरची वायर न्यूट्रल स्विचमधूनच जावी, म्हणजे गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होणार नाही. क्लचचे पेडल आणि केबल काढल्यावर मागे उरलेली भोके रबरी बुचांनी बंद करावीत, नाहीतर पावसात पाय ओले होतात. बीटलचा स्पीडोमीटर डाव्या पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे त्याला हात लावायची गरज नाही. ऑटोस्टिकला इंजिनाचा ब्रेक मॅन्युअलपेक्षा कमी जाणवतो, म्हणून पुढे अजून ड्रम असतील, तर डिस्क ब्रेक बसवण्याची हीच वेळ आहे. उतारावर गाडी उभी करताना हँडब्रेकवर भिस्त असते; त्याच्या केबली बदलाव्यात.

इंजिन सुरू झाले की आयडल ९०० ते ९५० आरपीएमवर ठेवावे, एटीएफची पातळी गरम झाल्यावर पुन्हा पाहावी, आणि मग मोकळ्या रस्त्यावर क्लच जुळवावा. कंट्रोल व्हॉल्व्हच्या माथ्यावर समायोजनाचा स्क्रू असतो. ताशी ७० किलोमीटरच्या आसपास, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, गिअर २ वरून (सर्वांत वरचा) १ वर (मधला; सर्वांत खालच्याला L म्हणतात) आणून दांडा सोडावा. क्लच पूर्ण पकडायला साधारण एक सेकंद लागला पाहिजे. लगेच पकडून मागची चाके किरकिरली तर स्क्रूने क्लच पकडण्याचा वेग कमी करावा. क्लच बराच वेळ घसरत राहिला तर वाढवावा. स्क्रू एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये.

चालवणाऱ्याला एक सवय मोडावी लागते: दांड्यावर हात टेकवून गाडी चालवण्याची. बोटांच्या वजनानेही संपर्क जुळू शकतो, क्लच अर्धवट सुटतो आणि इंजिन भलतेच घोंघावते. घरातल्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवावे, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देताना पुन्हा सांगावे. महामार्गावरचा आवाजही मॅन्युअलपेक्षा वेगळा असेल. फायनल ड्राइव्ह ४.३७५ चा असेल, तर १६५/८० च्या १५ इंची टायरवर ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे ३३०० आरपीएमवर फिरते, आणि कन्व्हर्टरची घसरण त्यात आणखी थोडी भर घालते.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा स्टँडवर घ्यावी. सीव्ही जॉइंटचे बोल्ट सुमारे ३५ न्यूटन-मीटरला पुन्हा तपासावेत, कारण ते ढिले होतातच. एटीएफच्या सगळ्या सांध्यांवरून पांढरे फडके फिरवावे आणि लाल डाग दिसला तर तो सांधा नव्याने बांधावा. सर्व्हो आणि क्लचच्या लिव्हरमधला प्ले बांधणीच्या वेळी लिहून ठेवलेल्या मापाशी ताडून पाहावा. नवी प्लेट बसताना तो बदलतो, आणि तो संपेपर्यंत वाट पाहिली तर क्लच घसरू लागतो.